मुदतीचा ताप

विषमज्वर हा शब्द पाठ्यपुस्तकातला. घरात त्याला ‘मुदतीचा ताप’ म्हणत. मुदत साधारण एकवीस दिवसांची. ती भरली की ताप आपोआप उतरायचा, नाहीतर पोर हातचं जायचं. १८९६ पासून विडाल चाचणीने आजाराचं नाव सांगता येऊ लागलं, पण त्यावर औषध नव्हतं. डॉक्टर येऊन जीभ पाहायचे, पोट चाचपायचे आणि ‘जपा’ म्हणून निघून जायचे.

ते जपणं म्हणजेच उपचार. कपाळावर मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या, ओल्या फडक्याने अंग पुसणं, कूस बदलून देणं, दर चार तासांनी थर्मामीटर आणि चौकटीच्या कागदावर तापाची चढती-उतरती रेघ. खायला पातळ पेज, नाहीतर मोसंबीचा रस. सगळ्यात धास्ती तिसऱ्या आठवड्याची. आतड्यातल्या व्रणांना त्या सुमारास भोक पडायची भीती असते. नेमकी तेव्हाच पोराला भूक लागू लागली, तर ते स्वयंपाकघराकडे टक लावून बसायचं आणि घरातली बायामाणसं भाकरीचा डबा लपवायची. आजचे डॉक्टर इतकी उपासमार करायला सांगत नाहीत, पण त्या आज्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. त्यांच्या हाती तेवढंच होतं.

परळला १९२९ मध्ये बाई जेरबाई वाडिया हे खास मुलांचं रुग्णालय उभं राहिलं, तेव्हाही या तापावर औषध यायला जवळजवळ दोन दशकं होती. लंडनमध्ये ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटचं बालरुग्णालय १८५२ मध्ये अवघ्या दहा खाटांवर सुरू करणारे डॉ. चार्ल्स वेस्ट यांनी दोनच वर्षांत आजारी मुलांच्या शुश्रूषेवर एक छोटं पुस्तक लिहिलं होतं. मूल म्हणजे लहान आकाराचं मोठं माणूस नव्हे, त्याला दुखतंय कुठे हे ते सांगणार नाही, ते बघणाऱ्यालाच ओळखावं लागेल, या जाणिवेवरच बालशुश्रूषेचा पेशा उभा आहे. मुदतीच्या तापात तर रात्रपाळीची नर्स जे टिपून ठेवी, त्यावर सकाळी डॉक्टरांचा निर्णय ठरे.

१९४८ मध्ये क्लोरॅम्फेनिकॉल या आजारावर लागू पडतं हे दिसलं आणि एकवीस दिवसांची मुदत काही दिवसांवर आली. ‘क्लोरोमायसेटिन’ हे कॅप्सूलचं नाव घरोघरी झालं. हा आनंद फार टिकला नाही. १९७२ मध्ये केरळात कालिकतला त्या औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंची साथ आली. पुढे एकेक औषध असंच बोथट होत गेलं, आणि लक्ष पुन्हा लशीकडे वळलं.

लस होतीच, पण दोन वर्षांखालच्या मुलांसाठी ती कुचकामी होती. ती जंतूवरच्या साखरेच्या आवरणापासून केलेली, आणि ते आवरण तान्ह्या शरीराला नीट ओळखताच येत नाही. ते आवरण धनुर्वाताच्या लशीतल्या प्रथिनाला जोडलं, तर मात्र ओळख पटते. हैदराबादच्या भारत बायोटेकने अशी जोड-लस बनवली. तिला २०१३ मध्ये भारतात परवाना मिळाला. तेव्हापासून ती खासगी दवाखान्यात, ज्याच्या खिशाला परवडेल त्याच्या मुलाला मिळू लागली.

आणि इथे नवी मुंबई या गोष्टीत येते. हा ताप दूषित पाण्यातून पसरतो, आणि मोरबे हे धरण स्वतःच्या मालकीचं असणारी ही महापालिका. पण शुद्ध केलेलं पाणी घरातल्या पिंपात, गाडीवरच्या बर्फात, न धुतलेल्या हातांत पोचेपर्यंत त्याचं काय होईल, हे धरणाच्या हाती थोडंच असतं? जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०१८ मध्ये या लशीची शिफारस प्रसिद्ध केली आणि त्याच वर्षी १४ जुलैला नवी मुंबई महापालिकेने मोहीम सुरू केली. विषमज्वराची जोड-लस सरकारी यंत्रणेतून देणारी ही जगातली पहिली मोहीम. शहरातल्या २२ नागरी आरोग्य केंद्रांपैकी ११ केंद्रं चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडली. उरलेल्यांची पाळी नंतर, म्हणजे दोन्हीकडच्या तापाची तुलना करता येईल. नऊ महिने ते चौदा वर्षं या वयाची १,१३,४२० मुलं २५ ऑगस्टपर्यंत टोचून झाली.

एवढ्या मुलांना टोचायचं म्हणजे तेवढ्याच वेळा कुपी हातात घ्यायची. शीतपेटीतून ती काढली की परिचारिका आधी तिच्यावरचा गोल पाहते. गोलाच्या आतला चौकोन बाहेरच्या रंगाइतका गडद झालेला असेल, तर लशीला उष्णता लागली आहे, ती बाजूला. मग सिरिंजमध्ये अर्धा मिलिलीटर. तान्ह्याला मांडीत, मोठ्याला दंडात. नंतर अर्धा तास बाकावर थांबवायचं, मुलाकडे अधूनमधून बघत राहायचं.

नोव्हेंबर २०१९ मध्ये पाकिस्तानने सिंध प्रांतापासून ही लस देशाच्या नेहमीच्या लसीकरणात आणली; असं करणारा तो पहिला देश. सव्वा वर्ष आधी नवी मुंबईत पालिकेच्या नर्सबाईंच्या हातून ती टोचून झाली होती.