हुशार मुलांची परीक्षा आणि तिची तयारी : एका जुन्या वादाचा इतिहास

१/
हुशार मुलांसाठी असलेल्या शाळेत किंवा वर्गात प्रवेश मिळावा म्हणून पालकांनी मुलाकडून चाचणीची तयारी करून घ्यावी का? प्रश्न आजचा वाटतो, पण त्याला शंभर वर्षांचा इतिहास आहे. त्या इतिहासाच्या वाटेवर पॅरिस, नॉर्थम्बरलँड आणि न्यूयॉर्क लागतात, आणि आपली अमरावतीही लागते. हा थ्रेड त्याविषयी.

२/
आरंभ पॅरिसचा. शिक्षण सक्तीचे झाल्यामुळे फ्रान्समध्ये सर्व थरांतील मुले शाळेत येऊ लागली होती आणि काहींना नेहमीच्या वर्गातील अभ्यास झेपत नव्हता. अशा मुलांचा विचार करण्यासाठी १९०४ साली सरकारने आयोग नेमला. केवळ शिक्षकाच्या मतावर मुलाचे भवितव्य सोपवणे धोक्याचे होते. म्हणून आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमॉन यांनी १९०५ मध्ये सोप्याकडून कठीणाकडे जाणाऱ्या ३० कृतींची श्रेणी तयार केली. आधुनिक बुद्धिमापनाचा पाया तो हाच.

३/
बिनेचा हेतू ध्यानात घेण्याजोगा आहे. मागे पडणारे मूल ओळखावे आणि त्याला मदत करावी, एवढ्यासाठीच त्याला चाचणी हवी होती. बुद्धी ही जन्मतः ठरलेली आणि न बदलणारी राशी आहे, हे मत त्याने १९०९ च्या आपल्या पुस्तकात स्पष्टपणे नाकारले. लक्ष, स्मरण आणि विचार यांना वळण लावणारे मानसिक व्यायामही त्याने सुचवले. १९११ मध्ये, वयाच्या ५४ व्या वर्षी, तो वारला. पुढे त्याच्या चाचणीचे काय झाले, हे पाहायला तो उरला नाही.

४/
चाचणी अटलांटिक ओलांडून अमेरिकेत पोहोचली आणि तिचा रोख पालटला. स्टॅनफर्ड विद्यापीठातील लुईस टर्मन यांनी १९१६ मध्ये तिची सुधारित आवृत्ती काढली आणि जर्मन मानसशास्त्रज्ञ विल्यम स्टर्न यांच्या कल्पनेवर आधारलेला बुद्ध्यंक लोकप्रिय केला. टर्मन यांच्या मते बुद्धी मुख्यतः आनुवंशिक होती. १९२१ पासून त्यांनी कॅलिफोर्नियातील सुमारे १,५०० अतिशय हुशार मुले निवडून त्यांचा दीर्घकाळ अभ्यास केला. मागे पडणाऱ्यांसाठी निघालेले साधन आता पुढे असणाऱ्यांना वेचू लागले.

५/
या निवडीतून सुटलेली दोन नावे प्रसिद्ध आहेत : विल्यम शॉक्ली आणि लुईस अल्वारेझ. दोघांचीही लहानपणी चाचणी झाली होती आणि दोघेही निवडीच्या रेषेखाली राहिले. पुढे शॉक्ली यांना १९५६ चे आणि अल्वारेझ यांना १९६८ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. चाचणी निरुपयोगी आहे, असे यावरून सिद्ध होत नाही. मात्र रेषेच्या दोन्ही बाजूंना कोण असेल, याबद्दल फार खात्री बाळगू नये, एवढे नक्की कळते.

६/
आता इंग्लंड. नॉर्थम्बरलँड परगण्यातील अनेक दुर्गम खेड्यांच्या शाळा माध्यमिक शिक्षणाच्या शिष्यवृत्तीसाठी एकही विद्यार्थी पाठवत नव्हत्या. तिथे हुशार मुलेच नव्हती, की कोणी त्यांना परीक्षेला बसवतच नव्हते? हे शोधण्यासाठी गॉडफ्री थॉमसन यांनी १९२१ च्या सुमारास एक चाचणी तयार केली. शाळेत काय शिकवले गेले, यावर ती शक्य तितकी कमी अवलंबून असावी, ही कल्पना होती. ज्याची तयारी कोणी करून घेतली नाही, त्या मुलाला शोधण्यासाठी ही चाचणी जन्मली. पुढील सर्व कथेचे मर्म इथे आहे.

७/
थॉमसन १९२५ मध्ये एडिंबरोला गेले. तेथील मोरे हाउस या संस्थेच्या नावाने निघालेल्या चाचण्या ब्रिटनभर वापरल्या जाऊ लागल्या. १९४४ च्या शिक्षण कायद्यानंतर माध्यमिक शिक्षण सर्वांसाठी विनामूल्य झाले, पण बहुतेक ठिकाणी अकराव्या वर्षाच्या आसपास मुलांची विभागणी होऊ लागली. साधारण चार-पाचांतील एक मूल ग्रामर स्कूलमध्ये जाई आणि विद्यापीठाची वाट प्रामुख्याने तिथूनच निघे. उरलेली बहुसंख्य मुले सेकंडरी मॉडर्न शाळांत जात. ‘इलेव्हन-प्लस’ ती हीच परीक्षा.

८/
एका सकाळच्या उत्तरपत्रिकेवर आयुष्याची दिशा ठरणार असेल, तर पालक स्वस्थ कसे बसतील? सरावपुस्तिका निघाल्या, खासगी शिकवण्या सुरू झाल्या. उत्तीर्ण झाल्यास सायकल देण्याचे वचन तर घरोघरी दिले जाई. बुद्धिचाचणीची तयारी करून उपयोग नाही, असे अधिकारी सांगत. पालकांचा त्यावर विश्वास नव्हता.

९/
पालकांचेच खरे निघाले. मानसशास्त्रज्ञ फिलिप व्हर्नन यांनी १९५२ मध्ये जाहीरपणे मांडले की शिकवणी आणि सराव यांमुळे बुद्धिचाचणीतील गुण लक्षणीय वाढतात. मोठा वाद उसळला. जी चाचणी जन्मजात बुद्धी मोजते असे सांगितले जात होते, तिचे गुण काही तासांच्या सरावाने वाढत असतील, तर सीमारेषेजवळच्या हजारो मुलांचा निकाल नेमका कशावर लागत होता?

१०/
या संशोधनाचा दुसरा भाग मात्र पालक सहसा ऐकत नाहीत. बहुतेक वाढ पहिल्या काही तासांतच होते. प्रश्नांचे प्रकार ओळखीचे होतात, वेळेचा अंदाज येतो, भीती ओसरते. त्यानंतर महिनोन्‌महिने घोटून घेतले तरी फारसे काही हाती लागत नाही. व्हर्नन यांनी सुचवलेला उपायही साधा होता : थोडा सराव सर्वच मुलांना शाळेतच द्यावा, म्हणजे कोणाला आगाऊ लाभ मिळणार नाही.

११/
मग चाचणीच रद्द केली तर? त्याचाही अनुभव इतिहासात नोंदलेला आहे. जीन फ्लाउड आणि ए. एच. हॅल्सी यांनी १९५७ मध्ये नैऋत्य हर्टफर्डशायरविषयी लिहिले. तेथील निवडीतून बुद्धिचाचणी वगळल्यानंतर ग्रामर स्कूलमध्ये पोहोचणाऱ्या कामगारवर्गीय मुलांचे प्रमाण घटले होते. सदोष चाचणीसुद्धा काही गरीब मुलांना वर आणत होती. ती काढून टाकल्याने अन्याय आपोआप संपत नाही.

१२/
१९६५ मध्ये शिक्षणमंत्री अँथनी क्रॉसलंड यांनी सर्वांसाठी समान शाळांच्या दिशेने परिपत्रक काढले आणि बहुतेक भागांतून इलेव्हन-प्लस गेली. तरी इंग्लंडमध्ये १६३ ग्रामर स्कूल उरल्या आहेत. त्यांपैकी बकिंगहॅमशायरने २०१३ च्या सुमारास शिकवणीला दाद न देणारी म्हणून नवी चाचणी आणली. शिकवण्या थांबल्या नाहीत आणि काही वर्षांतच ती चाचणी बदलावी लागली.

१३/
न्यूयॉर्कने हाच धडा पुन्हा गिरवला, तोही चार वर्षांच्या मुलांवर. पूर्वी तिथे प्रत्येक विभागाची निवडपद्धत वेगळी होती. महापौर ब्लूमबर्ग यांच्या काळात, २००८ च्या सुमारास, न्यायाचा विचार करून शहरभर एकच चाचणी आणि एकच रेषा ठरवण्यात आली. विभागीय वर्गांसाठी ९० वे शततमक लागे. शहरभरातील मोजक्या शाळांसाठी किमान ९७ वे लागे आणि प्रत्यक्षात त्याहूनही वरचे गुण असावे लागत.

१४/
परिणाम उलटा झाला. सधन वस्त्यांत पात्र मुले वाढली, तर गरीब वस्त्यांतील काही वर्ग पुरेशी मुले न मिळाल्याने बंद पडले. कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलांचा वाटा घटला. तयारीचा प्रभाव कमी व्हावा म्हणून आकृत्यांवर आधारलेली नवी चाचणी आणली, तर तिच्याही सरावपुस्तिका बाजारात आल्या. अखेर २०२१ मध्ये चाचणीच्या कंत्राटाला शहराच्या शिक्षण मंडळाने नकार दिला. चार वर्षांच्या मुलांची ती परीक्षा थांबली आणि शिक्षकांच्या शिफारशींचा आधार घेतला जाऊ लागला. हर्टफर्डशायरची आठवण इथे ठेवलेली बरी.

१५/
आपल्याकडे बिनेची चाचणी मराठीतही आली. धारवाडचे व्ही. व्ही. कामत यांनी कन्नड आणि मराठी मुलांसाठी तिचे रूपांतर केले आणि १९४० मध्ये त्यावर इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुढे शिष्यवृत्ती परीक्षेमुळे ‘बुद्धिमत्ता चाचणी’ हे शब्द महाराष्ट्रातील शाळकरी मुलांच्या तोंडी रुळले.

१६/
नॉर्थम्बरलँडचा प्रश्न मात्र आपल्याकडे नवोदय विद्यालयाच्या रूपाने आला. १९८५-८६ मध्ये पहिली दोन विद्यालये सुरू झाली : एक हरियाणातील झज्जर येथे, दुसरे अमरावतीला. खेड्यातील हुशार मुलाला शोधून उत्तम निवासी शिक्षण द्यावे, हा उद्देश. म्हणून किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी आहेत. सहावीच्या प्रवेशपरीक्षेत १०० पैकी ५० गुण मानसिक क्षमता चाचणीला आहेत आणि तिच्यात आकृत्यांचे प्रश्न असतात. भाषा किंवा पुस्तके आड येऊ नयेत, हा त्यामागचा विचार.

१७/
आज तालुक्याच्या गावी नवोदयचे क्लास आहेत, मार्गदर्शक पुस्तके आहेत. त्यात पालकांना दोष देण्यासारखे काही नाही. मात्र ज्याच्या घरी क्लासची फी परवडत नाही आणि ज्याने तसल्या आकृत्या कधी पाहिलेल्याच नाहीत, त्या मुलाला शोधायलाच ही परीक्षा निघाली होती. परीक्षागृहात बसल्यावर ते मूल प्रश्न समजून घेत असते, तेव्हा शेजारच्या मुलाचे चार प्रश्न सोडवून झालेले असतात.

१८/
मग पालकांनी तयारी करून घ्यावी का? इतिहासाचा कौल मला असा दिसतो. ओळख जरूर करून द्यावी. प्रश्न कसे असतात, उत्तर कुठे नोंदवायचे, वेळ किती, हे ठाऊक नसलेल्या मुलाची चाचणी त्याची बुद्धी मोजत नाही, त्याचे बावरणे मोजते. त्यासाठी काही तास, फार तर काही दिवस पुरतात.

१९/
त्यापुढे वर्षभराचे घोटणे टाळावे. त्यातून गुण फारसे वाढत नाहीत. मुलाचे खेळणे आणि हवे ते वाचणे मात्र त्यात जाते. शिवाय एका आकड्यावर आपली किंमत ठरते, असे मुलाच्या मनावर बिंबते. शॉक्ली आणि अल्वारेझ यांना रेषेखाली राहूनही पुढे जाता आले, कारण त्यांचे शिकणे त्या दिवशी थांबले नाही.

२०/
आणि उरलेले अर्धे उत्तर पालकांच्या हाती नाही. व्हर्नन यांचा सत्तर वर्षांपूर्वीचा उपाय अजूनही सर्वांत स्वस्त आहे : प्रत्येक शाळेने, विशेषतः खेड्यातील शाळेने, प्रत्येक मुलाला तेवढा सराव स्वतःच द्यावा. महाराष्ट्रात असे करणारे शिक्षक आहेत. जादा तास घेऊन, पदरमोड करून ते मुलांना परीक्षेला बसवतात. तुमच्या शाळेत असे कोणी होते का? असल्यास जरूर लिहा. या इतिहासाचे पुढचे पान त्यांचे आहे.