संपर्क कार्यालय

परदेशी कंपनीने भारतात प्रत्यक्ष व्यापार न करता ओळखी वाढवण्यासाठी, चौकशांना उत्तरे देण्यासाठी व बाजाराचा अंदाज घेण्यासाठी थाटलेले कार्यालय. इतरत्र त्यास प्रातिनिधिक कार्यालय म्हणतात. आपल्याकडे बोलण्यात ‘लायझन ऑफिस’. ते स्वतंत्र कंपनी नसून मूळ कंपनीचाच भाग असते.

१९९९ चा परकीय चलन व्यवस्थापन कायदा (फेमा) आणि रिझर्व्ह बँकेची २०१६ ची नियमावली यांनी त्याची चौकट आखली. या नियमावलीनुसार मायदेशात लागोपाठ तीन वर्षे नफा आणि किमान ५०,००० डॉलर नक्त मूल्य असलेल्या कंपनीने अधिकृत व्यापारी बँकेमार्फत अर्ज करायचा. परवानगी सहसा तीन वर्षांची; ती वाढवून मिळते.

खरी मेख कमाईवरील बंदीत आहे. भाडे, पगार, अगदी चहापाण्याचा खर्चही परदेशातून आलेल्या पैशांतूनच भागवावा लागतो. गिऱ्हाइकाने भाव विचारला तर ती चौकशी मुख्यालयाला कळवायची. करार आणि बिल तिकडूनच. दलालीही घेता येत नाही. या मर्यादा पाळल्याचे सनदी लेखापालाचे प्रमाणपत्र दरवर्षी द्यावे लागते.

मात्र निरोप्याचे काम कुठे संपते आणि धंदा कुठे सुरू होतो, हे कागदावर दिसते तितके सोपे नाही. यूएई एक्स्चेंज सेंटर या कंपनीची मुंबई, दिल्ली, चेन्नई, जालंधर येथील संपर्क कार्यालये आखातातून आलेल्या रकमांचा तपशील संगणकावर उतरवून घेत, त्यावरून चेक छापत आणि कुरिअरने घरोघरी धाडत. २००४ मध्ये अग्रिम निर्णय प्राधिकरणाने यावर आयकर लागू होतो असे ठरवले. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये ते फिरवले आणि २४ एप्रिल २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही कामे केवळ साहाय्यक असल्याने कर लागत नाही, असा निर्वाळा दिला. चेक छापण्यापर्यंतची ही सवलत सैलच म्हणायची.

वकिलीच्या बाबतीत न्यायालये कडक राहिली. १९९० च्या दशकात परदेशी विधी संस्थांना रिझर्व्ह बँकेने संपर्क कार्यालयांसाठी दिलेल्या परवानग्या मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २००९ मध्ये चुकीच्या ठरवल्या: कोर्टाबाहेरचा कायदेशीर सल्ला हीदेखील वकिलीच. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अशा संस्थांना येथे कार्यालय उघडता येणार नाही, असे सांगितले. फक्त अधूनमधून येऊन परदेशी कायद्यावर सल्ला देण्याची मुभा ठेवली.