बाभूळबने, वऱ्हाडातील
वऱ्हाडच्या काळ्या जमिनीत, विशेषतः नदीनाल्यांच्या काठी, लाकडासाठी राखलेली बाभळीची वने. वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातील रिठदसारख्या शेतीप्रधान गावांत बैलगाडीच्या चाकाचा तुंबा व आरे, तसेच वखर, तिफण इ. अवजारांसाठी बाभळीचे कठीण व चिवट लाकूड सोयीचे असे. ते घडविणारा सुतार हा गावचा बलुतेदार असे.

१८५३ च्या तहान्वये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आले. रेल्वे, कापूस-व्यापार व वाढती शेती यांमुळे लाकडाची मागणी वाढली आणि पडीत जमीन घटली. १८८६ मध्ये वऱ्हाडासाठी वनकायदा झाला. लाकूड व जळण, गवताचे रमणे आणि चराई अशी वनांची त्रिविध वर्गवारी करण्यात आली.

बाभूळबनांची व्यवस्था वैशिष्ट्यपूर्ण होती. बनाचे भाग पाडून ते आळीपाळीने तोडीत. मोकळा झालेला भाग एक-दोन वर्षे कपाशीसाठी शेतकऱ्यास देत व पिकाच्या ओळींबरोबर बाभळीचे बी पेरीत. निंदणी-वखरणीचा लाभ रोपांनाही मिळे. शेळ्यामेंढ्यांनी खाल्लेल्या शेंगांतील बी लवकर रुजते; म्हणून ते मेंढवाड्यांतून गोळा करीत. मात्र हीच जनावरे कोवळी रोपे खात असल्याने नव्या लागणीत चराईबंदी असे. तिची झळ पशुपालकांना बसे; बनाच्या टिकाऊपणाची ही किंमत होती.

लाकूड वाया न जाणे हेही तितकेच महत्त्वाचे. बाभळीच्या बाह्यकाष्ठास भुंगेरे लवकर लागतात. म्हणून ओंडके काही काळ पाण्यात बुडवून ठेवीत व मग सावलीत सावकाश वाळवीत. घाईने वाळविलेले लाकूड तडकते. साल कातडी कमाविण्यास, फांद्या कुंपणास व जळणास आणि शेंगा चाऱ्यास उपयोगी पडत.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लोखंडी अवजारे, रबरी चाके व ट्रॅक्टर आल्याने ही मागणी ओसरली आणि शेताच्या बांधावरील बाभूळ राखण्याचे एक प्रमुख कारण नाहीसे झाले. २०१४ च्या राष्ट्रीय कृषिवानिकी धोरणाने पिकाबरोबर वृक्ष वाढविण्याचा पुरस्कार केला. ही रीत वऱ्हाडास नवी नव्हती. तोडीबरोबरच नवी लागण आणि तोडलेल्या झाडाचा पुरता उपयोग, या दोन गोष्टी सांभाळल्या तरच लाकूड अक्षय राहते, असे बाभूळबनांचा इतिहास दाखवितो.