शैलवासी शैवाकाच्या नव्या जातीचे वर्णन

शैलवासी शैवाके म्हणजे खडकावर वाढणारी शैवाके. कवक आणि शैवल किंवा नीलहरित जीवाणू यांच्या सहजीवनातून शैवाक बनते. गोड्या मसाल्यातील दगडफूल हेही शैवाकच होय. आंतरराष्ट्रीय संहितेनुसार शैवाकाला दिलेले शास्त्रीय नाव त्यातील कवकाचे मानले जाते.

नमुना व तपासणी

कवचासारखी शैवाके खडकापासून सोलून काढता येत नाहीत. म्हणून छिन्नी-हातोडीने दगडाच्या कपचीसह नमुना घेतात. बाह्यरूप सारखे असलेल्या जाती ओळखण्यासाठी बीजाणूंचा आकार सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात, पोटॅशियम हायड्रॉक्साइडसारख्या रसायनाचा थेंब टाकून रंगबदल पाहतात आणि डीएनए-क्रमाची ज्ञात जातींशी तुलना करतात.

प्रकाशन

वर्णन लॅटिन किंवा इंग्रजी भाषेत असावे लागते. १ जानेवारी २०१३ पासून मान्यताप्राप्त नोंदणीकोशातील क्रमांकही बंधनकारक आहे.

प्ररूप-नमुना

नव्या जातीचे नाव एका निश्चित नमुन्याशी कायमचे जोडलेले असते; यास प्ररूप-नमुना म्हणतात. तो वनस्पतिसंग्रहालयात जतन करतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत शैवाकांचा असा संग्रह आहे. मूळ खडक खाणकामात नष्ट झाला, तरी ते नाव नेमके कोणत्या शैवाकाचे, याचा निर्णय त्या जपलेल्या कपचीवरूनच करता येतो.