एकबेरीज दप्तर

मराठी राज्याच्या इतिहासात लढायांना व तहांना जेवढी जागा मिळाली, तेवढी हिशेबाला मिळाली नाही. पानिपतावर किती माणूस पडले ह्याचा वाद आपण हौसेने घालतो. परंतु एखाद्या प्रांताचा तीन वर्षांचा वसूल किती, असे कारभाऱ्याने विचारले असता त्याचे उत्तर कोण आणि कोणत्या कागदावरून देत असे, ह्याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. वास्तविक राज्य चालते ते अशा उत्तरांवर. आज मोठमोठ्या कंपन्यांत आणि सरकारी कचेऱ्यांत एक प्रश्न वारंवार निघतो : माहिती तर अफाट साठली आहे, मग ती अशी कशी मांडून ठेवावी, की ज्याला जे विचारावयाचे आहे त्याने ते स्वतःच्या हाताने शोधून काढावे, दर वेळी जाणत्या कारकुनाच्या पाया पडू नये? हा प्रश्न संगणकाबरोबर जन्मला असे पुष्कळांस वाटते. पुणे शहराला तो अडीचशे वर्षांपूर्वीच पडला होता, आणि त्याचे उत्तरही येथे एका कचेरीच्या रूपाने उभे होते. त्या कचेरीचे नाव एकबेरीज दप्तर.

ही कचेरी समजण्यासाठी आधी जिल्ह्याच्या ठिकाणी काय चाले ते पाहिले पाहिजे. मामलेदाराच्या हाताखाली दिवाण, मुजुमदार, फडणीस, दफ्तरदार, पोतनीस, पोतदार, सभासद व चिटणीस असे दरकदार असत. मुजुमदाराने हिशेब व सनदा पाहून मंजूर करावयाच्या, मग त्या फडणिसाकडे जावयाच्या. फडणिसाने कागदावर तारीख घालावयाची आणि रोजकीर्द लिहावयाची. त्या रोजकीर्दीवरून दफ्तरदाराने खतावणी बांधावयाची आणि दरमहा गोषवारा हुजुरास पाठवावयाचा. पोतनिसाने जमा व शिल्लक रोख सांभाळावयाची, पोतदाराने नाणे पारखावयाचे. ह्या दरकदारांना काढून टाकण्याचा अधिकार मामलेदाराला नव्हता. ही गोष्ट लहान दिसते, पण हिशेबाची सारी विश्वासार्हता तीत आहे. ज्याच्या कारभाराचा हिशेब, त्याच्याच मर्जीवर लिहिणाऱ्याची भाकरी अवलंबून असेल, तर त्या हिशेबाची पुढे कितीही सुरेख मांडणी केली तरी ती व्यर्थ होय.

जिल्ह्यांचे हे कागद पुण्यास हुजूर दप्तरात येत. तेथे फडावर चालू कारभाराचे काम चाले. हुकूम, सनदा, अंदाजाचे बेहेडे, रोजची लिहिणावळ. परंतु चालू काम आणि जुन्या कामाचा शोध ही दोन कामे एकाच बैठकीवर नीट होत नाहीत. रोजच्या नोंदीत गुंतलेल्या कारकुनाला मागील दहा वर्षांचा ताळा विचारला तर दोन्ही कामे अडतात. म्हणून एकबेरीज दप्तर वेगळे ठेवले होते, आणि ते कायमचे पुण्यातच असे. निरनिराळ्या खात्यांचे हिशेब तेथे एकत्र येत आणि वर्गवारीने लावले जात. त्यांवरून दोन प्रकारचे कागद तयार होत. एक तर्जुमा, त्यात एकूण जमा, एकूण खर्च व शिल्लक एका दृष्टिक्षेपात दिसे. दुसरी खतावणी, तीत सारे खर्च योग्य त्या सदराखाली वर्णानुक्रमे लावलेले असत. तर्जुमा ह्या शब्दाचा मूळ अर्थ भाषांतर. हिशेबनिसाने काढलेल्या गोषवाऱ्याला हा शब्द लागावा ह्यात औचित्य आहे, कारण लिहिणाऱ्याच्या सोयीने टिपलेली रोजकीर्द विचारणाऱ्याच्या सोयीच्या भाषेत आणणे हेच ते काम होय.

हे भाषांतर सोपे नव्हते. पेशवाईत रुपया एक नव्हता. अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही अशा नाना जातींचे रुपये बाजारात चालत, आणि एका जातीचे दुसरीत करताना बट्टा धरावा लागे. दहा हजार अंकुशी आणि दहा हजार चांदवडी ह्यांची बेरीज वीस हजार असे लिहिणारा कारकून नोकरीत टिकला नसता. वर्षाचीही तीच कथा. शके चैत्रापासून, तर सरकारी कागदांतील अरबी, म्हणजे सुहूर, सन मृग नक्षत्रापासून सुरू होई. मृगाचे साल शेतीच्या हंगामाशी जुळते म्हणून वसुलाला सोयीचे. पण ज्येष्ठातली रक्कम कोणत्या सालात धरली हे ठरविल्यावाचून दोन सालांची तुलना करता येत नाही. नाणे एक करावे, साल एक करावे, सदराचे नाव सर्वत्र एकच ठेवावे, आणि मगच बेरीज मांडावी. आजच्या पेढीत माहिती तयार करण्याचे काम ज्याच्याकडे असते, त्याच्या श्रमाचा मोठा भाग ह्याच तीन गोष्टींत जातो. एका शाखेने विक्री कर धरून लिहिलेली असते, दुसरीने कर वगळून. एकीचे वर्ष एप्रिलपासून, दुसरीचे जानेवारीपासून. एकच गिऱ्हाईक तीन नावांनी नोंदलेले. हे सारे आधी निस्तरले, तरच विक्री पाहणाऱ्याला किंवा गोदाम सांभाळणाऱ्याला आपल्या प्रश्नाचा तक्ता आपण बनविता येतो. हा शहाणपणा नवा नाही. साधने तेवढी नवी आहेत.

नाना फडणिसांच्या काळी हुजूर दप्तर भरभराटीस आले. दोनशेहून अधिक कारकून तेथे काम करीत. १८०० मध्ये नाना वारले, आणि दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दीत ही शिस्त ढासळली. दप्तराकडे लक्ष राहिले नाही; लोकांनी कागद घेऊन जावे, अशी स्थिती आली. मामलती मक्त्याने देण्याचा प्रघात ह्याच कारकीर्दीत बळावला, आणि आमच्या मते दप्तराच्या अनास्थेशी त्याचा जवळचा संबंध आहे. ठराविक रक्कम आगाऊ हाती आली, की रयतेकडून काय वसूल झाले हे विचारण्याची सरकारास गरज उरत नाही. ज्या राज्याला प्रश्न विचारावयाचे नसतात, त्याला एकबेरजेची जरूर भासत नाही.

१८१८ मध्ये राज्य गेले. एल्फिन्स्टनने उरलेले दप्तर ताब्यात घेतले. जिंकलेल्या मुलखाचा कारभार त्यावाचून चालविता येणार नाही हे त्याने ओळखले होते. पुढे १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले, आणि ह्या कागदांची मोठी पाहणी व लावणी त्या कामासाठी झाली. कोणाचे इनाम खरे, कोणाचे खालसा करावयाचे, हा कमिशनचा प्रश्न. त्याला अनुसरूनच रुमाल बांधले गेले. इनामाचा पुरावा शोधणाऱ्याला वाट सोपी झाली. रयतेची मजुरी किंवा धान्याचा भाव शोधणाऱ्याला ती अवघडच राहिली. मांडणी निःपक्षपाती दिसते, परंतु ती कोणाच्या तरी प्रश्नासाठी केलेली असते, आणि इतरांचे प्रश्न ती नकळत मागे सारते. ह्या एका उदाहरणावरून आजच्या तक्त्यांकडेही सावधपणे पाहण्यास आपण शिकावे.

दप्तर होते, पण ते सर्वांना खुले नव्हते. इतिहासाचार्य राजवाडे ह्यांनी गावोगाव वाडे व माळे धुंडाळून कागद मिळविले आणि १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' प्रसिद्ध केली, त्यामागे हेही एक कारण होते. सरकारी दप्तरातील रोजकीर्दींतून गणेश चिमणाजी वाड ह्यांनी वेचे काढले. त्या वेच्यांच्या आधारे न्यायमूर्ती रानडे ह्यांनी १९०० मध्ये पेशव्यांच्या रोजनिशीवर निबंध वाचला. वसंत व्याख्यानमालेचा उपक्रम १८७५ मध्ये सुरू करणारे ते हेच रानडे. त्यांनी त्या नोंदींना पेशव्यांचे कर्ज, जकात, टांकसाळी, न्याय, औषधोपचार, सामाजिक निर्बंध असे प्रश्न विचारले. लिहिणाऱ्या कारकुनाच्या स्वप्नातही हे प्रश्न आले नसतील. तो आपला जमाखर्च लिहीत होता. तरीही उत्तरे निघाली, कारण बारीकसारीक नोंद मूळ स्वरूपात शिल्लक होती. फक्त एकबेरजा राहून रोजकीर्दी नष्ट झाल्या असत्या, तर रानड्यांस काही सापडले नसते. उलट, वाडांनी वेचे काढून लावले नसते, तर त्या रोजकीर्दींच्या अरण्यात रानड्यांसारख्या व्यापात बुडालेल्या माणसाचा निभाव लागला नसता. मूळ नोंद आणि मांडणी, दोन्ही हव्यात. १९३० ते १९३४ ह्या काळात गो. स. सरदेसाई ह्यांनी पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ भाग प्रसिद्ध केले, तेव्हा हे धन सामान्य अभ्यासकाच्या टेबलावर आले.

तिकडे संगणकाच्या जगात हाच प्रवास फार थोड्या वर्षांत घडला. प्रारंभी कोणताही नवा तक्ता हवा असला की यंत्राच्या जाणकाराकडे अर्ज करून वाट पाहावी लागे, कारण माहिती कोणत्या कप्प्यात कशी ठेवली आहे हे त्यालाच ठाऊक. १९७० मध्ये एडगर कॉड ह्या गणितज्ञाने आय.बी.एम. कंपनीत असताना असा विचार मांडला, की माहिती साध्या कोष्टकांत ठेवावी आणि आतील रचना जाणण्याच्या कटकटीतून वापरणाऱ्याला सोडवावे. पुढे रोजच्या व्यवहाराच्या नोंदी एकीकडे आणि विचारण्यासाठी लावलेली माहितीची कोठारे दुसरीकडे, अशी विभागणी रूढ झाली. चालते दप्तर वेगळे आणि एकबेरीज दप्तर वेगळे, हीच ती विभागणी.

फरक एवढाच, की एकबेरजेचा तर्जुमा मूठभर कारभाऱ्यांसाठी होता. आज विचारणारा कोणीही नागरिक असू शकतो. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमाने प्रत्येक सार्वजनिक कचेरीवर आपले अभिलेख सूचीबद्ध व अनुक्रमित ठेवण्याचे बंधन घातले आहे. आपण ह्या कायद्याखाली अर्ज करण्यात तत्पर असतो, पण हे कलम क्वचितच आठवतो. दप्तर नीट लावलेले असेल तर निम्म्या अर्जांची गरजच पडू नये. आपल्या वॉर्डाचा रस्त्यावरील खर्च, आपल्या संस्थेचा ताळेबंद, आपल्या पेढीची येणी, ही विचारणाऱ्यास स्वतः पाहता यावीत अशी लावलेली आहेत काय, आणि ती कोणाच्या प्रश्नासाठी लावली आहेत, एवढी चौकशी प्रत्येकाने आपापल्या जागी करावी. नानांच्या कारकुनांनी बोरूने जे साधले, ते आपल्या हातांतील साधनांनी न साधण्यास काही सबब उरत नाही.