ऑक्टोपसचं मडकं

शनिवारच्या जपानी क्लासमध्ये जोडशब्द चालले होते. ताको म्हणजे ऑक्टोपस, त्सुबो म्हणजे मडकं. ताकोत्सुबो! अरेच्चा, हा शब्द तर आत्याच्या हॉस्पिटलच्या फाईलमध्ये होता!

हे नाव हिरोशिमाच्या डॉ. हिकारु सातो आणि सहकाऱ्यांनी १९९० साली दिलं. छातीत कळ, ईसीजी थेट हार्ट अटॅकसारखा, पण अँजिओग्राफीत अटॅकला कारण ठरेल असा ब्लॉकच नाही. मग हृदयाच्या डाव्या कप्प्यात डाय सोडून पाहिलं, तर आकुंचनाच्या वेळी वरची मान आवळलेली आणि खालचं टोक फुगलेलं. जपानी कोळी ऑक्टोपस धरायला समुद्रात सोडतात, डिट्टो ते मडकं. (हृदयात मडकं दिसणारा माणूस मासेखाऊ असणार, ही आपली माझी शंका.)

बहुतेक पेशंट पन्नाशीपुढच्या बायका, अनेकदा मोठा धक्का बसलेल्या. २००४ च्या नीगाता भूकंपानंतर तिथे अशा केसेस एकदम वाढल्या.

आतोबा गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी आत्याला कळ आली. "मनाला लावून घेतलंय, दुसरं काय," असं म्हणणाऱ्यांत मीही होतो. दीड महिन्याने तिचा इको नॉर्मल आला.

काल फोन करून तिला शब्दाचा अर्थ सांगितला.

"मेलं, जन्मभर अंडंसुद्धा खाल्लं नाही मी," आत्या म्हणाली, "आणि छातीत ऑक्टोपस?"