रक्तकणांतील क्षार आणि प्राणवायु

१८४० सालीं जॉर्ज गलिव्हर या इंग्रज शस्त्रवैद्यानें हरणाचें रक्त सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं पाहिलें, तेव्हां वाटोळ्या तांबड्या कणांऐवजीं त्याला विळ्यासारखे वांकडे, टोंकदार कण दिसले. हरीण तर धडधाकट! पुढें कळून आलें कीं, हरणाचे कण शरीराबाहेर प्राणवायूच्या सान्निध्यांत वांकडे होतात आणि त्यापासून त्या प्राण्याला कसलीच बाधा होत नाहीं. सृष्टींतील एक चमत्कार, एवढेंच त्या शोधाचें मोल सत्तर वर्षें राहिलें.

१९०४ च्या अखेरीस शिकागो येथील एका रुग्णालयांत वॉल्टर क्लेमेंट नोएल हा वीस वर्षांचा विद्यार्थी दाखल झाला. ग्रेनाडा बेटाहून तो दंतवैद्यक शिकावयास आला होता. त्याच्या रक्तांत विळ्याच्या आकाराचे कण आढळले, आणि डॉ. जेम्स हेरिक यांनीं १९१० सालीं त्यांचें वर्णन प्रसिद्ध केलें. कारण मात्र त्यांस सांगतां आलें नाहीं. नोएल पदवी घेऊन मायदेशीं परतला, त्यानें दंतवैद्याचा व्यवसाय केला, आणि १९१६ सालीं, अवघ्या बत्तिसाव्या वर्षीं, फुप्फुसदाहानें वारला.

१९२७ सालीं हान व गिलेस्पी यांनीं दाखविलें कीं, प्राणवायु काढून घेतला म्हणजे रोग्याचे कण विळ्यासारखे होतात आणि तो परत दिला म्हणजे बहुतेक पुन्हां वाटोळे होतात. हरणाच्या नेमकें उलट. १९४९ सालीं लायनस पॉलिंग व त्यांचे सहकारी यांनीं दोष खुद्द हिमोग्लोबिनांत आहे असें सिद्ध केलें. प्राणवायु सोडलेले हे सदोष अणुसमूह एकमेकांस चिकटून दोरखंडासारखे लांब होतात आणि कणाला आंतून ताणून वांकवितात. येथें कथा संपली, असें पुष्कळांस वाटलें. पण तिचा अर्धा भाग अद्याप कोणी वाचलाच नव्हता. तो भाग क्षारांचा आहे.

डोर्पाट येथील कार्ल श्मिट यानें १८५० सालींच दाखविलें होतें कीं, माणसाच्या रक्तकणांत पोटॅशियम विपुल, तर भोंवतालच्या रक्तद्रवांत सोडियम विपुल. (कुत्र्याच्या कणांत मात्र सोडियमच अधिक असतें, निसर्ग सर्वत्र एकच नियम लावीत नाहीं.) कणाची त्वचा या क्षारांच्या विद्युद्भारित कणांस, म्हणजे आयनांस, अभेद्य आहे असें दीर्घकाळ मानलें गेलें. १९४१ सालीं हॅरिस यांनीं तो समज मोडला. थंडींत साठविलेल्या रक्ताच्या कणांतून पोटॅशियम गळून जातें. तेंच रक्त ऊब व साखर देऊन ठेवलें तर तें पुन्हां आंत ओढलें जातें. म्हणजे त्वचा झिरपते, आणि विहिरींत झिरपणारें पाणी मोटेनें सतत उपसावें तसें आंत शिरलेलें सोडियम कांहीं यंत्रणा बाहेर टाकीत असते. ती मोट डेन्मार्कचे येन्स स्कोउ यांनीं १९५७ सालीं ओळखली. नोबेल पारितोषिकासाठीं त्यांस १९९७ पर्यंत थांबावें लागलें!

विळ्याच्या रोगाशीं याचा संबंध डॅनियल टॉस्टेसन व त्यांचे सहकारी यांनीं १९५२ सालीं जोडला. रोग्याच्या कणांचा प्राणवायु काढून घेतांच त्यांतून पोटॅशियम बाहेर व सोडियम आंत जाऊं लागलें. प्राणवायूचा अभाव केवळ आकार बदलीत नव्हता, तो त्वचेचीं दारेंही उघडीत होता. १९५८ सालीं बुडापेस्टच्या ग्योर्गी गार्डोस यांनीं आणखी एक दार दाखविलें: कणांत कॅल्शियम शिरलें कीं पोटॅशियमचा लोंढा बाहेर पडतो.

आतां क्षार गेला कीं त्यामागोमाग पाणीही जातें. कण सुकतो, आंतील हिमोग्लोबिन दाट होतें, आणि अनर्थाचें मूळ या दाटपणांत आहे. १९७४ सालीं हॉफ्रिक्टर, रॉस व ईटन यांना आढळलें कीं, दोरखंड तयार होण्यास लागणारा काळ दाटपणाच्या सुमारें तिसाव्या घाताच्या प्रमाणांत घटतो. किंचित् दाटी वाढली कीं काळ कितीतरी पटींनीं आंखडतो. कणाला केशवाहिनी ओलांडण्यास सुमारें एक सेकंद लागतो. तेवढ्यांत तो वांकला नाहीं तर निसटून फुप्फुसांकडे परततो, वांकला तर तेथेंच अडकतो. मग पुढील पेशी प्राणवायूवांचून तडफडतात आणि रोगी वेदनांनीं तळमळतो.

निरोगी कणांचीं दारें तरी प्राणवायूची आज्ञा कशी पाळतात? घोडा व ट्राउट मासा यांच्या रक्तावर हें पडताळून पाहण्यांत आलें. पोटॅशियम व क्लोराइड यांना जोडीनें बाहेर नेणारें एक दार प्राणवायु भरपूर असतां उघडें राहतें आणि तो घटला कीं मिटतें. निरोगी माणसांतही तसेंच. १९९८ सालीं गिब्सन, एलोरी प्रभृतींनीं दाखविलें कीं, विळ्याच्या कणांत हें दार प्राणवायु संपला तरी मिटत नाहीं. नेमक्या संकटाच्या वेळीं पहारेकऱ्यानें दार सताड उघडें टाकावें, तशांतला हा प्रकार.

गार्डोस यांचें दार बंद करणारें सेनिकापॉक नांवाचें औषध तयार झालें. त्यानें कणांचा नाश कमी झाला, रक्त वाढलें. परंतु वेदनेचे झटके कमी झाले नाहींत, आणि चांचणी मुदतीपूर्वीं थांबवावी लागली. एक दार लावल्यानें घर राखलें जात नाहीं, हें शास्त्रज्ञांस महागांत कळलें.

हा रोग आपल्याकडे परका नाहीं. १९५२ सालीं लेमन व कटबुश यांना नीलगिरींतील आदिवासींत त्याची खूण सांपडली. विदर्भांतील गांवोगांवीं ‘सिकलसेल’ हा शब्द आज घरगुती झाला आहे. १ जुलै २०२३ रोजीं शहाडोल येथें त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. नागपूर, चंद्रपूरच्या उन्हाळ्यांत वैद्य या रोग्यांस घोटघोट पाणी पीत राहण्यास बजावतात, तें शरीरांतील पाणी आटून आधींच सुकलेले कण आणखी दाट होऊं नयेत म्हणून.